पोकळीचं माप

एक किलो पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड हवाबंद भट्टीत हळूहळू तापवत नेलं, तर शेवटी पाव किलोच्या जरा आत काळा, कडक कोळसा उरतो. हा आकडा प्रयोगाआधीच कागदावर काढता येतो. या प्लास्टिकच्या साखळीत एकच कडी हजारो वेळा येते, आणि त्या कडीत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे दोन आणि क्लोरीनचे दोन अणू असतात. तापमान चढलं की एकेक हायड्रोजन एकेका क्लोरीनला घेऊन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात निघून जातो. दोघांची संख्या सारखी, त्यामुळे मागे त्यांच्यातलं कुणी उरत नाही. उरतो तो फक्त कार्बन: वजनाच्या ९७ भागांतले २४ भाग. बाकीचे ७३ भाग जिथे होते त्यातली बरीचशी जागा कोळसा आकसताना मिटते, पण सगळी मिटत नाही. जी उरते तिच्यात कार्बन डायऑक्साइड धरून ठेवता येतो. ती रिकामी जागा हाच या प्रकरणाचा विषय.

हे प्लास्टिक १९३३ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डाऊ केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली या तरुणाच्या हाती लागलं. भांडी धुताना एका बाटलीतला थर काही केल्या निघेना, तो हाच. पुढे 'सरान' या नावानं त्याचे पारदर्शक पापुद्रे बाजारात आले. ओलावा आणि हवा दोन्ही अडवण्यात ते इतकं वाकबगार होतं की अन्न गुंडाळायला अमेरिकेत घरोघरी पोचलं. आजही औषधी गोळ्यांच्या कित्येक पारदर्शक पट्ट्यांवर त्याचा पातळ थर दिलेला असतो. ज्याची ख्याती वायूला आरपार न जाऊ देण्याबद्दल, तोच पदार्थ भाजला की वायूला पोटात घेऊ लागतो.

या कोळशाच्या अंतरंगाचा पहिला नीट नकाशा काढला रोझलिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रामुळे त्यांचं नाव आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, पण डीएनएकडे वळण्यापूर्वीची जवळजवळ नऊ वर्षं त्यांनी कोळशाला दिली, आणि माझ्या मते ते काम त्यांच्या कीर्तीत जेवढं मोजलं जातं त्याहून फार मोठं आहे. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, बावीस वर्षांच्या फ्रँकलिन ब्रिटिश कोल युटिलायझेशन रिसर्च असोसिएशन या संस्थेत रुजू झाल्या. काम वरवर रूक्ष होतं. निरनिराळ्या खाणींतल्या कोळशाची घनता मोजायची. त्यासाठी कोळसा एखाद्या द्रवात किंवा वायूत बुडवून त्यानं किती जागा व्यापली ते पाहायचं. फ्रँकलिन यांना दिसलं की उत्तर माध्यमाप्रमाणे बदलतं. हेलियममध्ये मोजली तर घनता एक येते आणि मोठ्या रेणूंच्या द्रवात मोजली तर दुसरी. कारण हेलियमचा चिमुकला अणू जिथे शिरतो तिथे मोठा रेणू शिरूच शकत नाही. म्हणजे कोळशात नुसती भोकं नाहीत, तर रेणू निवडून आत घेणाऱ्या अरुंद वाटा आहेत. या कामावर १९४५ मध्ये केंब्रिज विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली.

१९४७ मध्ये त्या पॅरिसला एका सरकारी रसायन प्रयोगशाळेत गेल्या. तिथे जॅक मेरिंग यांच्याकडे अव्यवस्थित पदार्थांवर क्ष-किरण टाकून त्यांची रचना ओळखण्याची विद्या शिकल्या. खाणीतला कोळसा या विद्येला अवघड. त्यात राख, गंधक, नाना खनिजं आणि कोट्यवधी वर्षांचा इतिहास मिसळलेला. म्हणून त्यांनी कृत्रिम, शुद्ध कोळसा निवडला: १००० अंश सेल्सिअसला भाजलेलं पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड. हिशेबाअंती आलेलं चित्र असं होतं. सुमारे ६५ टक्के कार्बन षटकोनी जाळीच्या चपट्या तुकड्यांत आहे, प्रत्येक तुकडा जेमतेम १.६ नॅनोमीटर रुंद. उरलेल्या ३५ टक्क्यांना कसलीच शिस्त नाही. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे लक्षात घेतलं की या मोजमापाचं धाडस कळतं. ते आकडे हातानं गणित करून काढलेले आहेत.

१९५१ च्या त्यांच्या निबंधात याहून महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांनी अनेक पदार्थांचे कोळसे ३००० अंशांपर्यंत तापवले आणि दाखवलं की कोळशाच्या दोन जाती आहेत. एका जातीतले तुकडे उष्णतेनं हलतात, एकावर एक बसतात आणि अखेर ग्राफाइट होतं. दुसऱ्या जातीत ते ३००० अंशांनाही हटत नाहीत. पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपांचं पीव्हीसी, पहिल्या जातीत जातं. त्याच्या कडीत क्लोरीनचा एकच अणू असतो. दोन क्लोरीनवालं पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड दुसऱ्या जातीत. एका अणूच्या फरकानं एवढी तफावत का? पीव्हीसी कोळसा होण्यापूर्वी वितळतं, मऊ अवस्थेत त्याच्या तुकड्यांना सरकून रांगेत बसायला वाव मिळतो. दुसऱ्यात साखळ्या एकमेकींना सुरुवातीलाच आडव्या सांध्यांनी जखडल्या जातात, वितळण्याचा टप्पा येतच नाही, आणि तुकडे जिथे तयार झाले तिथेच वेडेवाकडे अडकून राहतात. वेडेवाकडे अडकले म्हणून त्यांच्यामध्ये फटी राहिल्या. पुढे १९९० च्या दशकात पीटर हॅरिस यांनी सुचवलं की या तुकड्यांत अधूनमधून पंचकोनही असावेत, त्यामुळे ते वाकतात आणि वाकलेले पत्रे एकमेकांवर सपाट बसू शकत नाहीत. सच्छिद्र कार्बनचं मर्म या अडवणुकीत आहे. आणि ती अडवणूक मूळ पॉलिमरच्या रसायनात आधीच लिहिलेली असते.

कोळसा वायू ओढून घेतो हे अठराव्या शतकापासून माहीत होतं. कार्ल शेले यांनी १७७३ मध्ये आणि फेलिचे फोंताना यांनी १७७७ मध्ये तसे प्रयोग केले होते. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये ईप्र इथे क्लोरीन सोडला गेला आणि विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांची गरज एकाएकी उभी राहिली; रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा बनवला, तर १९१८ मध्ये अमेरिकेत पीच फळांच्या बिया आणि कवचं गोळा करण्याची मोहीमच निघाली, कारण घट्ट, कठीण कवचाचा कोळसा वायू सर्वांत चांगला धरतो. आज तो मान नारळाच्या करवंटीचा आहे. पाण्याच्या फिल्टरमधला काळा चुरा बहुतेक वेळा तोच असतो.

मग करवंटी असताना पॉलिमर कशाला? हे समजण्यासाठी आधी कार्बन डायऑक्साइडचा रेणू आणि कोळशाची भिंत यांच्यातलं नातं पाहायला हवं.

या दोघांमध्ये रासायनिक बंध जुळत नाही. रेणू भिंतीजवळ आला की दोघांतली क्षीण विद्युत ओढ त्याला पृष्ठभागावर थोपवून धरते. याला पृष्ठशोषण म्हणतात. रुंद भोकात रेणूला एकाच भिंतीची ओढ लागते. पण भोक इतकं अरुंद असेल की समोरची भिंतही जवळ आली, तर दोन्हीकडून ओढ लागते आणि पकड बरीच वाढते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वायूंच्या हिशेबात ०.३३ नॅनोमीटर जाडीचा धरतात. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात युरी गोगोत्सी यांच्या गटानं भोकांचं माप बारकाईनं बदलता येणारे कार्बन बनवून मोजणी केली. शून्य अंश तापमान आणि एक वातावरण दाब असताना किती वायू धरला जाईल हे ०.८ नॅनोमीटरहून लहान भोकांवर ठरतं. दाब दहा पट कमी केला तर फक्त ०.५ नॅनोमीटरहून लहान भोकं कामाला येतात. त्याहून मोठ्या भोकांचा उपयोग एवढाच की त्यांतून वायू आतल्या अरुंद भोकांपर्यंत लवकर पोचतो.

या क्षेत्रातल्या बातम्यांत आकडा मात्र वेगळाच झळकतो: एका ग्रॅमचं पृष्ठफळ. १९३८ मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी ते मोजायची रीत दिली, आणि तेव्हापासून ते मोठं दाखवण्याची चढाओढ आहे. एक ग्रॅम चांगल्या सच्छिद्र कार्बनचं पृष्ठफळ २००० चौरस मीटर येतं, म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत वीस गुंठे जमीन. आकडा खरा आहे आणि वाचताना थरारही वाटतो. पण कार्बन डायऑक्साइडसाठी तो फसवा ठरतो. ३००० चौरस मीटरवाला कार्बन साध्या दाबाला १५०० वाल्यापेक्षा कमी वायू धरतो, असं वारंवार घडतं, कारण पृष्ठफळ वाढवण्याच्या नादात भोकं रुंद झालेली असतात. पोकळी किती आहे याला दुय्यम महत्त्व. ती किती रुंद आहे ते आधी विचारावं.

करवंटीची अडचण इथे लक्षात येते. तिच्यातल्या वाटा झाडानं आपल्या गरजेप्रमाणे आखलेल्या असतात. शिवाय जात, जमीन, पाऊस यांप्रमाणे माल बदलतो आणि राखही राहते. पॉलिमरमध्ये कोणता अणू कुठे बसवायचा, आडवे सांधे किती द्यायचे, कोणता भाग तापल्यावर उडून जावा, हे आधी ठरवता येतं. आणि आकारही आधी देता येतो. गोल मणी, धागा, कापड, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला ठोकळा, जे हवं ते मूळ प्लास्टिकमध्ये घडवा आणि मग भाजा. आकार आकसतो, पण मोडत नाही.

सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उमेदवार म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचं रेझिन. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बनवलेलं बेकेलाइट ते हेच. प्रेशर कुकरचा काळा दांडा याच कुळातला. तो गॅसजवळ तापला तरी वितळत नाही, कारण त्याच्या साखळ्या सगळीकडून जखडलेल्या आहेत. कुकरला जो गुण हवा तोच कोळशालाही हवा. बंद भट्टीत ३०० अंशांपुढे त्यातून पाण्याची वाफ, मग मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड, आणखी वर गेल्यावर हायड्रोजन निघून जातो आणि वजनाचा निम्म्याच्या आसपास कार्बन राहतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत रिचर्ड पेकाला यांनी फिनॉलऐवजी त्याचा भाऊबंद रिसॉर्सिनॉल वापरून जेली बनवली, ती न आक्रसू देता सुकवली आणि भाजली. हाताला जवळजवळ वजनच लागू नये असा कार्बन तयार झाला. चीनमधल्या फुदान विद्यापीठात डोंगयुआन झाओ यांच्या गटानं २००५ च्या सुमारास रेझिनमध्ये साबणासारखे रेणू मिसळले. ते आपोआप रांगेत बसतात, भाजताना जळून जातात, आणि त्यांच्या जागी एकसारख्या नळ्यांची रांग उरते. वायूला आत जायला यांहून सरळ रस्ते नाहीत.

नुसतं भाजून मात्र क्वचितच भागतं. सरानचा कोळसा अपवाद. बहुतेकांना त्यानंतर सक्रिय करावं लागतं, म्हणजे आतून कोरावं लागतं. जुनी रीत ८०० ते ९०० अंशांना वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडण्याची. त्या उष्णतेला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू भिंतीतला एक कार्बन अणू उचलतो आणि दोघांचे मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात. म्हणजे ज्या वायूला पुढे पकडायचं, तोच आपल्यासाठी खोल्या कोरून देतो. मला या सगळ्या रसायनातली ही सर्वांत सुंदर पायरी वाटते. दुसरी रीत जास्त आक्रमक आहे. कोळशात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ६०० ते ८०० अंशांना तापवायचं. ते कार्बन खातं, त्यातून पोटॅशियम धातू मोकळा होतो, आणि तो वाफेच्या रूपात कार्बनच्या पत्र्यांमध्ये घुसून त्यांना फाकवतो. नंतर धुऊन काढलं की फाकलेली जागा तशीच राहते. प्रयोगशाळांतले बहुतेक विक्रम याच रीतीचे आहेत. मात्र ती भट्टीच्या भिंतीही खाते, धुण्यासाठी भरपूर पाणी मागते, आणि निघालेलं पोटॅशियम परत मिळवलं नाही तर परवडत नाही. शोधनिबंधांत या गोष्टीला एखादी ओळ मिळते. कारखाना काढणाऱ्याच्या खर्चात ती बरीच वर असते.

स्पेनमधल्या ओविएदो शहरात मार्ता सेविया आणि अँटोनियो फुएर्तेस यांनी २०११ मध्ये या रीतीनं पॉलिपायरोलपासून कार्बन बनवला. पॉलिपायरोलच्या प्रत्येक कडीत नायट्रोजनचा अणू असतो. २५ अंशांना आणि एक वातावरण दाबाला त्या कार्बनच्या एका ग्रॅमनं ३.९ मिलिमोल, म्हणजे सुमारे १७० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला. मोकळ्या अवस्थेत तो जवळपास ९५ मिलिलिटर जागा घेईल. त्यानंतर नायट्रोजनयुक्त पॉलिमरांची लाटच आली: पॉलिअ‍ॅनिलीन, मेलामाइनची रेझिनं, अ‍ॅक्रिलिक धाग्याचं पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल. तर्क पटण्याजोगा होता. कार्बन डायऑक्साइड किंचित आम्लधर्मी, नायट्रोजन किंचित अल्कधर्मी, तेव्हा दोघांचं जमणारच. पण नायट्रोजनवाला पॉलिमर सक्रिय करताना भोकांचं मापही बदलतं, मग श्रेय नक्की कुणाचं? केनियात जन्मलेले आणि तेव्हा नॉटिंगहॅम विद्यापीठात काम करणारे रॉबर्ट मोकाया यांनी बी. अडेनिरन यांच्यासह २०१६ मध्ये हे दोन परिणाम वेगळे काढले. भोकं सारखी ठेवून तुलना केली तर नायट्रोजनचा फायदा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वाद पुरता मिटलेला नाही. दाब फार कमी असताना नायट्रोजन मदत करतो असं मानणारे आहेत. पण सोपं, आकर्षक स्पष्टीकरण हाती असताना कुणीतरी थांबून ते तपासलं, याचा मला आदर वाटतो.

आता प्रयोगशाळेतून धुराड्यापाशी येऊ. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा दाब एक वातावरणाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. धूर थंड केला तरी ४०-५० अंशांचा असतो. या अवस्थेत ग्रॅममागे ३.९ मिलिमोल धरणारा कार्बन एका मिलिमोलच्या आसपास येऊन थांबतो. शून्य अंशांचे आकडे शीर्षकात घालण्याची पद्धत मला म्हणूनच खटकते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच हिशेबासाठी घेऊ. पूर्ण क्षमतेनं चालताना असा संच तासाला साधारण ४५० ते ५०० टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. कार्बननं दर फेरीत आपल्या वजनाच्या ४ टक्के वायू धरला आणि भरणं-रिकामं करणं ही फेरी अर्ध्या तासात पुरी झाली असं मानलं, तर एका संचाला ६००० टनांच्या आसपास सच्छिद्र कार्बन लागेल. मोठ्या कारखान्याच्या प्रमाणात हे वजन अशक्य नाही, पण ग्रॅमच्या वाटीत बनणारा कार्बन हजारो टनांनी बनवायचा आहे, हे यातून कळतं.

त्याची स्पर्धा ज्याच्याशी आहे ते तंत्र जुनं आणि रुळलेलं आहे. रॉबर्ट बॉटम्स यांनी १९३० मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीनं, अमाइन नावाच्या रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणातून वायू नेतात. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीजकेंद्रात २०१४ पासून हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर चालतं. अमाइन कार्बन डायऑक्साइडशी खरा रासायनिक बंध जुळवतं, त्यामुळे पातळ धुरातूनही तो ओढून घेतं. पण तो बंध सोडवायला द्रावण १२० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि द्रावणात सुमारे ७० टक्के पाणीच असल्यानं बरीच उष्णता पाणी तापवण्यात जाते. वीजकेंद्राच्या उत्पादनाचा पाचवा ते चौथा हिस्सा या कामी खर्ची पडू शकतो. पकडीची ताकद मोजली तर अमाइनची मोलमागे ८० किलोजूलच्या पुढे, सच्छिद्र कार्बनची २० ते ३५. कार्बनची पकड सैल आहे, म्हणूनच ती सोडवणं स्वस्त आहे. दाब थोडा उतरवला किंवा थोडं तापवलं की वायू बाहेर येतो आणि तोच कार्बन पुढच्या फेरीला तयार होतो. या सैल पकडीची किंमतही मोजावी लागते. धुरातला तीन चतुर्थांश भाग नायट्रोजन वायूचा, तोही काही प्रमाणात भोकांत शिरतो, आणि बाहेर काढलेला वायू शुद्ध करायला आणखी एक टप्पा लागतो.

धुरात पाण्याची वाफ पुष्कळ असते, आणि घन पदार्थांची खरी परीक्षा तिथे होते. झिओलाइट नावाची खनिजं कोरड्या वायूतून कार्बन डायऑक्साइड कार्बनपेक्षाही छान धरतात, पण पाणी आलं की सगळी जागा पाण्याला देऊन बसतात. कार्बनच्या भिंतीला पाण्याची फारशी आवड नाही. आर्द्रता मध्यम असेपर्यंत ती पाण्याला दूर ठेवते. धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र स्फटिकांना, ज्यांच्यासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हा प्रश्न दीर्घकाळ भेडसावत होता. त्यांतल्या 'काल्फ-२०' या कॅनडात विकसित झालेल्या स्फटिकानं दमट धुरातही टिकून दाखवलं. २०२१ च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयसर संस्थेचे रामनाथन वैद्यनाथन आहेत. कार्बनला आता या कुळाशीही बरोबरी करायची आहे.

रेणूंच्या मापानं काम करणारा कार्बन आपल्याकडे एकदा वेगळ्याच प्रसंगी चर्चेत आला. हवेतून नायट्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्रांत कार्बनची रेणुचाळणी भरलेली असते. ऑक्सिजनचा रेणू नायट्रोजनपेक्षा जरासा, ०.०२ नॅनोमीटरनं, लहान. तेवढ्या फरकावर तो भोकांत लवकर शिरतो आणि नायट्रोजन मागे राहतो. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना, आयआयटी मुंबईनं दाखवून दिलं की अशा नायट्रोजन यंत्रातली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट भरलं तर तेच यंत्र ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. कारखान्यांत उभी असलेली यंत्रं या बदलानं रुग्णालयांच्या कामी येऊ शकत होती. भोकाच्या मापावर आणि भिंतीच्या स्वभावावर किती काय अवलंबून असतं, ते तेव्हा प्रयोगशाळेबाहेर दिसलं. त्याच संस्थेत २०२२ पासून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं कार्बन पकडणं आणि वापरणं या विषयाचं राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र चालतं.

पॉलिमरवरचा रास्त आक्षेप पैशाचा आहे. नवं रेझिन विकत घ्यायचं, त्यातलं निम्मं किंवा तीन चतुर्थांश उडवून द्यायचं, भट्टीला ऊर्जा पुरवायची. ते बनवताना जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला तो आधी फेडून मगच नफा मोजायचा. म्हणून फेकलेल्या प्लास्टिककडे लक्ष जातं. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी भाजलं की कोळसा देतं, पण पिशव्यांचं पॉलिइथिलीन देत नाही. त्याच्या सरळ, मोकळ्या साखळ्या तुटून पूर्णपणे तेल-मेण-वायू होतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं पिशव्या-डब्यांच्या प्लास्टिकच्या चुऱ्यात पोटॅशियम अ‍ॅसिटेट मिसळून ६०० अंशांना ४५ मिनिटं तापवलं. या क्षारामुळे साखळ्यांचा काही भाग पळून न जाता सच्छिद्र कार्बन म्हणून थांबला. सोबत मेणही मिळालं. त्या कार्बननं आपल्या वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड धरला आणि ७५ अंशांच्या आसपास तापवल्यावर तो सोडला. कचऱ्यातलं प्लास्टिक मात्र कधीच एकजिनसी नसतं. रंग, भरणद्रव्यं, चिकटलेलं अन्न, मध्येच एखादा पीव्हीसीचा तुकडा आणि त्यातून निघणारं आम्ल. पॉलिमरची जी शुद्धता फ्रँकलिन यांना हवी होती, ती इथे हातची जाते. वर्गीकरण चांगलं झालं तरच हा मार्ग चालेल, आणि ते काम भट्टीत नाही, कचरा वेचणाऱ्यांच्या हातात होतं.

साध्या हवेतून कार्बन डायऑक्साइड काढायचा तर गणित आणखी कडक होतं. हवेत तो दहा लाख भागांत ४२० च्या थोडा वर, धुरापेक्षा तीनशे पटींनी विरळ. इतक्या कमी दाबाला नुसत्या कार्बनची सैल पकड जवळपास काहीच धरत नाही. यावर केंब्रिज विद्यापीठात अलेक्झांडर फोर्स यांच्या गटानं २०२४ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी बाजारात मिळणारं सक्रिय कोळशाचं कापड घेतलं. असं कापड फिनॉलच्या रेझिनचे धागे विणून, भाजून बनवता येतं. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून बॅटरीच्या पट्टीप्रमाणे भारित केलं. विजेच्या ओढीनं हायड्रॉक्साइड आयन भोकांत जाऊन बसले आणि कापड धुतल्यावरही तिथेच राहिले. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्याशी बंध जुळवून बायकार्बोनेट होतो आणि ९० ते १०० अंशांना पुन्हा सुटतो. कार्बन वीजवाहक असल्यानं कापडातून थेट प्रवाह सोडला की ते आतून तापतं. वेगळी वाफ, बॉयलर, नळ यांची गरज उरत नाही, आणि ती वीज सौरपॅनेलची असू शकते. पॉलिमरपासून कापडाचा आकार मिळाला नसता तर ही युक्ती सुचणंही कठीण होतं.

या कापडाची मोठी उणीव त्याच गटानं सांगितली आहे. हवा दमट झाली की त्याची क्षमता घटते. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते, तेव्हा अशा कापडाची इथली चाचणी कोरड्या वायूच्या बाटलीवर घेऊन चालणार नाही. जुलैतल्या हवेत, शेकडो फेऱ्यांनंतर ते किती धरतं आणि किती सोडतं, तो आकडा हवा आहे.